रंगाचा डबा तूर्त बाजूला ठेवा

प्रश्न : आमच्या भागातल्या एका बंद कारखान्याच्या आवारात दोन फुटी गेजचं, म्हणजे दोन रुळांत दोन फूट अंतर असलेल्या मार्गाचं, वाफेचं इंजिन कित्येक वर्षं उघड्यावर उभं आहे. मालक ते द्यायला तयार आहेत. आम्ही पंधराएक जण दर रविवारी जमून, घासून-रंगवून गणपतीपर्यंत ते चालू करू म्हणतो. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : गणपती कोणत्या वर्षीचे ते लिहिलं नाहीत, हे बरं केलंत.

येत्या रविवारी धुराड्याच्या तोंडावर पत्रा बांधा, बस. पावसाचं पाणी तिथून थेट स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या धुराच्या कप्प्यात उतरतं, जुन्या राखेत मुरतं आणि राखेतल्या गंधकामुळे तळाचा पत्रा खाऊन टाकतं. त्यात तुमच्याकडे खाडीचं खारं वारं. बाहेरून धडधाकट दिसणारा पत्रा बोटाने दाबलात तर खारीसारखा चुरा होईल.

बॉयलरभोवतीचं पांढरट लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं आवरण, मात्र कुणीही खरवडू नका. जुन्या इंजिनांवर ते पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉसचं असतं. आधी तपासून घ्या, मग त्या कामातल्या जाणकारांकडूनच काढवा.

त्यानंतर बॉयलर. पत्र्याची जाडी मोजायची, ट्यूब (गरम धूर जातो त्या नळ्या) आणि स्टे (पत्रे धरून ठेवणारे दांडे) बघायचे, मग थंड पाण्याने काठोकाठ भरून नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, म्हणून फट असली तर नुसतं गळतं. तिथे वाफ असती तर माणसं गेली असती. ही चाचणी बॉयलर तपासनीसासमोरच. ओळखीच्या वेल्डरकडून फायरबॉक्सला, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीला, ठिगळ तर मुळीच नको.

मी शेडमध्ये फिटर होतो. एकदा गाडीची घाई म्हणून गार इंजिनात भराभर कोळसा ओढला. सगळीकडचं लोखंड सारखं तापलं नाही आणि उजाडेपर्यंत ट्यूबांची तोंडं ठिबकायला लागली. फोरमनने सगळ्यांसमोर काय सुनावलं ते इथे छापता येणार नाही. गार बॉयलरला रात्रभर हळूहळू ऊब द्यावी लागते.

हौशी माणसांना हे जमतं का? वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांच्याच जिवावर चालली आहे. आपल्याकडचं १८५५ सालचं फेअरी क्वीन हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा धावलं, पण त्यामागे रेल्वेचे कसलेले हात होते. तुमच्यात हातोडा धरायला पंधराच्या पंधरा पुढे येतील. वही धरणारा एक शोधा. सुटा केलेला प्रत्येक नट कुठला, ते त्याने लिहायचं आणि चिठ्ठी बांधायची.

आणि इंजिनावर बनावटीची पितळी पाटी आहे का? असली तर तिच्यावरचा नंबर मला कळवा. पाटी आजच काढून कुलपात ठेवा, नाहीतर भंगारवाला तुमच्या आधी पोचेल.