वाचकांचे प्रश्न : विश्वात आपण सामान्य आहोत, म्हणजे नेमके काय?

प्रश्न : विश्वातील माणसाचे स्थान अगदी सामान्य आहे हे भौतिकशास्त्राने सिद्ध केले आहे, असे सोलापुरातील एका व्याख्यानात नुकतेच ऐकले. परंतु सर्व दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, आपल्यापासूनच दूर जात आहेत, असेही वाचनात येते. मग आपण मध्यभागी नाही, असे कसे म्हणता येईल? आणि आपण इतके सामान्य असू, तर या संशोधनाचा आपल्याला उपयोग तो काय?
— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : वक्ते ‘सिद्ध केले’ म्हणाले असतील, तर ते थोडे घाईचे झाले. आपले ठिकाण इतर ठिकाणांहून वेगळे नाही, असे भौतिकशास्त्रज्ञ आधी गृहीत धरतात आणि मग ते गृहीत मिळेल त्या मार्गाने तपासत राहतात. कारण त्याच्यावाचून दूरच्या ताऱ्याविषयी एक वाक्यही बोलता येणार नाही. सोलापूरच्या रस्त्यांवर एलईडी येण्यापूर्वी जे पिवळे सोडियमचे दिवे असत, त्यांच्या रंगाचे मूळ ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन रेषांत आहे, आणि त्याच तरंगलांबीच्या काळ्या रेषा सूर्याच्या वर्णपटातही, म्हणजे त्याचा प्रकाश फाकवून मिळणाऱ्या रंगांच्या पट्ट्यातही, दिसतात. त्या सूर्याच्या वातावरणातील सोडियममुळे उमटतात, हे किरखॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास दाखवले. मात्र त्यासाठी तेथले सोडियम आणि येथले सोडियम एकाच नियमाने वागते, हे मान्य करावे लागते.

उपयोगाविषयीच्या आपल्या शंकेचे उत्तरही येथेच सापडते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी त्या वर्णपटातील अशा एका पिवळ्या रेषेची नोंद केली, जी सोडियमच्या रेषांजवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. त्यातून सूर्यात हेलियम हे नवेच मूलद्रव्य असावे, ही कल्पना पुढे आली. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली. ते शोधत होते आर्गॉन हा वायू, पण ही रेषा सूर्यातलीच आहे, हे ओळखता आले. सूर्य निराळ्याच द्रव्याचा असतो, असे मानणाऱ्याला ही ओळख पटली असती का, याची मला शंका आहे. आज एमआरआय यंत्रांतील चुंबके सहसा द्रवरूप हेलियमनेच थंड ठेवली जातात.

आता मध्याविषयी. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार दीर्घिकेचे अंतर दुप्पट असेल, तर तिचा दूर जाण्याचा वेगही दुप्पट असतो. विश्वाचे प्रसरण या प्रमाणात होत असेल, तर कोणत्याही दीर्घिकेतील निरीक्षकाला इतर सर्व दीर्घिका आपल्यापासूनच दूर जाताना दिसतील. त्यामुळे केवळ या दृश्यावरून मध्य ठरत नाही. १९६५ मध्ये उजेडात आलेले सूक्ष्मलहरींचे वैश्विक पार्श्वप्रारणही, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेले मंद प्रारणही, सर्व दिशांनी जवळजवळ सारखेच येते: त्याच्या संदर्भातील सूर्याची सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटरची गती हिशेबातून वगळली, की उरणारा फरक साधारण लाखात एक इतकाच असतो. काटेकोरपणे पाहता आपण खरोखर मध्यावर असतो, तरी आकाश असेच दिसले असते. म्हणूनच मी वर ‘गृहीत’ म्हटले.

एक गैरसमज मात्र टाळावा. जागा सामान्य असली, तरी परिसर मुळीच सामान्य नाही. विश्वातील सर्व द्रव्य आणि ऊर्जा समान वाटली, तर एका घनमीटरला पाच-सहा हायड्रोजन अणूंइतका वाटा येतो, आणि त्यातही नेहमीच्या अणूंचे द्रव्य जेमतेम ५ टक्के असते. बाकीचे कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा, म्हणजे थेट न दिसणारे, केवळ परिणामांवरून ओळखलेले घटक. याउलट सिद्धेश्वर तलावाकाठच्या एक घनमीटर हवेत, २ या आकड्यावर २५ शून्ये द्यावीत, साधारण इतके रेणू असतात. श्वास घेणारा कोणताही जीव अशाच दाट कोपऱ्यात सापडणार, हे उघड आहे. त्यासाठी तो कोपरा विश्वाच्या मध्यावर असण्याची गरज नाही.