साडी गव्हाच्या कोठीत कशाला?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचक बाईचं पत्र आलं आहे. घरची चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि सोयाबीन. ती घरीच ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. त्या कमाईतून दोन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकून तिनं नागपूरला 7,500 रुपयांची तसर रेशमाची करवतकाठी साडी घेतली आणि घरी आणून गव्हाच्या कोठीत लपवली. पोरांची फी भरून झाली आहे, पीककर्ज मार्चच्या आत फेडून नवं-जुनं झालं आहे. पण मागं जावेनं फ्रीज घेतला तेव्हा नवरा म्हणाला होता, "काही लोकांना स्वतःचंच पडलेलं असते." त्यात कीर्तनात तिनं ऐकलं की गाडगेबाबा सांगायचे, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या पण लेकरांना शिकवा. ती विचारते, "मावशी, चांगल्या वस्तूचा मोह होणं म्हणजे स्वार्थ का? मी स्वार्थी आहे का?"

पोरी,

आधी ती साडी कोठीतून काढ. गव्हात औषधाच्या गोळ्या टाकल्या असतील तर तो वास तसरातून लवकर जात नाही. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळून पेटीत ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नको.

आता तुझा प्रश्न. नाही, तू स्वार्थी नाहीस. फी भरली, बँकेचं भागलं, किराण्याची उधारी वाढली नाही, कोणाचा घास कमी झाला नाही. मग हा पैसा नेमका कोणाच्या वाट्याचा होता? पत्र दोनदा वाचलं, मला तरी असा माणूस सापडला नाही. पीककर्ज वेळेवर फेडलं तर 3 लाखांपर्यंत पंजाबराव देशमुखांच्या नावच्या योजनेतून व्याजात सवलत मिळते, म्हणजे ती बाजूही तुम्ही नीट सांभाळली आहे. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या साड्या मांडीवर घेऊन फॉल लावणाऱ्या बाईला एक दिवस वाटलं की अशी एखादी आपलीही असावी. इतकंच झालं आहे.

आणि निवडलीस तीही काय! भंडारा-गडचिरोलीकडच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या कोशांचा तसर, काठाला करवतीसारखे दाते. ते दाते छापलेले नसतात, हातमागावर तीन धोटे (आडवा धागा नेणाऱ्या नळ्या) चालवून विणतात. तुझे 7,500 आपल्याच विदर्भातल्या एखाद्या विणकराच्या घरी काही अंशी पोचले असतील. मॉलमधली चकचकीत सिंथेटिक घेतली असतीस तरी मी तुला स्वार्थी म्हटलं नसतं, फक्त जरा हळहळले असते.

गाडगेबाबांचं म्हणशील, तर ते बोलायचे कर्ज काढून जेवणावळी उठवणाऱ्यांशी, लेकरांना शाळेऐवजी ढोरांमागं पाठवणाऱ्यांशी. लुगडं की शिक्षण असा पेच असेल तर शिक्षण, यात वादच नाही. तुझ्या घरी तो पेच नाही. शिवाय अंगावर चिंध्या आणि हातात गाडगं घेऊन फिरलेल्या त्या माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. दुसऱ्याला पक्कं छप्पर मिळावं, असं त्यांना वाटत होतंच ना? त्यांचं एक वाक्य उचलून घरातल्या बाईच्याच अंगावर टाकायचं, हे मला पटत नाही. नवऱ्यानं मोबाईल घेतला तर त्याला कोणी असं कीर्तन ऐकवतं का?

पोळ्याला तोरणाखाली उभ्या असलेल्या बैलजोड्या आठव. सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलेलं असो की कपाशी बोंडअळीनं खाल्लेली असो, कास्तकार शिंगांना बेगड लावतो, पाठीवर झूल टाकतो, नसली तर उसनी आणतो. राबणाऱ्याच्या अंगावर वर्षातून एकदा चांगलं काही असावं, हे आपल्या गावांना कळतं. बाईपाशी आलं की तेवढं विसरतात.

पण एका जागी मी तुझ्या बाजूनं नाही. उद्या पैठणी आवडली आणि ती घ्यायला फायनान्सवाल्यांच्या गटातून कर्ज काढलंस, तर मला पत्र पाठवू नको. त्या कर्जात पाचसहा बायका एकमेकींना जामीन असतात. तुझा हप्ता चुकला की वसुलीवाला शेजारणीच्या दारात बसतो आणि ती निंदणाच्या मजुरीतून तुझे पैसे भरते. तिथं खरा स्वार्थ सुरू होतो. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण हौसेला चटक लागते हेही मी पाहिलेलं आहे, म्हणून बोलले.

तुझी झोप उडाली ती लपवण्यानं. आपल्याच कमाईची वस्तू आपल्याच घरात चोरासारखी ठेवायची आणि वर नवऱ्यानं ओळखावं की माझंही मन आहे, असं कसं होईल? त्याचं ते जावेबद्दलचं बोलणंही मला निव्वळ टोमणा वाटत नाही. कापसाचा चुकारा यायच्या आधीच ज्याचा हिशेब लागून जातो, त्याला दुसऱ्याच्या घरचा फ्रीज टोचतोच. त्यालाही एकदा विचार, तुम्हाला स्वतःसाठी काय घ्यावंसं वाटतं? बहुतेक तो म्हणेल, फवारणीचा पंप. ते वावराचं झालं, तुमचं सांगा, असं म्हणून पुन्हा विचार. उत्तर यायला दोन दिवस लागले तरी लागू दे.

साडीचं मात्र आजच सांग, जेवणं झाल्यावर, सासूबाई असतानाच. आणि आपण बायका करतो तसं किंमत पाडून सांगू नको. साडेसात हजारांची आहे तर साडेसात हजारच सांग, शिलाईच्या वहीत जमा दाखव. कुरकुर होईल, चार दिवस टोमणेही बसतील. सासूबाईंच्या हातात काठ दे. तसराची पारख जुन्या बायकांना असते, त्यांनीच "कुठून आणली वं?" असं विचारलं तर नवरा एकटा किती बोलणार!

तुझी,
मावशी