वीट, छाट आणि मार्क्स

प्रश्न : बांधकामाच्या साइटवर संध्याकाळी मजुरांचा अक्षरवर्ग चालवतो. प्रशिक्षणात पाउलो फ्रेरी हे नाव ऐकलं. सहकारी म्हणतो, ‘तो मार्क्सवादी, आपल्याला काय करायचंय?’ खरंच का? – एक वाचक, चाकण

उत्तर : सहकाऱ्याचं निम्मं बरोबर आहे. ब्राझीलचे प्रौढशिक्षणतज्ज्ञ फ्रेरी श्रद्धाळू कॅथलिक होते आणि मार्क्सही त्यांनी मन लावून वाचला होता. मार्क्सने प्रौढशिक्षणाचं शास्त्र लिहिलं नाही. पण शिकवणाऱ्यालाही शिकावं लागतं, हे 1845 च्या टिपणांत तो बजावून गेला. फ्रेरींनी ते फळ्यापर्यंत आणलं.

त्यांच्या वर्गांतला गाजलेला शब्द ‘तिजोलो’, म्हणजे वीट. त्याची बाराखडी मांडायची : ता-ते-ति, जा-जे-जि, ला-ले-लि... मग शिकणाऱ्यांनीच त्यातून शब्द जुळवायचे. त्यात ‘लुता’ही निघे, म्हणजे लढा! 1963 मध्ये आंजिकोस गावी सुमारे 300 जणांना 40 तासांत साक्षर करण्याचा प्रयोग झाला. ब्राझीलमध्ये तेव्हा निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता. म्हणजे दर वर्गातून मतदार बाहेर पडणार. माझ्या मते बडे जमीनदार बिथरले ते यामुळे, मार्क्समुळे नव्हे. (प्रयोगाला पैसा अमेरिकी मदतीचा होता, ही आणखी गंमत.) 1964 मध्ये लष्कराने सत्ता घेतली. फ्रेरी आधी तुरुंगात, मग परदेशात.

मार्क्सचं नाव घेणारे सगळे एकाच वाटेचे, असंही समजू नका. क्युबाच्या 1961 च्या मोहिमेत सुमारे 7 लाख माणसं साक्षर झाली. काम अफाटच. पण पाठ वरून ठरून आलेले आणि शेवटची परीक्षा म्हणजे फिडेल कॅस्ट्रोंना पत्र! मला हे कधी पटलं नाही.

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांच्या वर्गात मी ‘छाट’ हा शब्द घेतला होता, म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या. अक्षरं राहिली बाजूला. हजारामागे किती विड्या छाटीत जातात आणि मजुरी किती बुडते, याचा हिशेब बायकांनीच फळ्यावर मांडला. मी खाली बसून ऐकत होते.

तेव्हा ‘कमळ’ जरा बाजूला ठेवा. ‘हजेरी’, ‘मुकादम’, ‘उचल’ (आगाऊ घेतलेली मजुरी) घ्या. फक्त ‘उचल’ घ्याल त्या संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस वर्गात बसलेला नाही ना, एवढं बघून घ्या.