रूटी टायटेल कोण आहेत आणि ‘संक्रमणकालीन न्याय’ म्हणजे काय?

रूटी टायटेल या न्यूयॉर्क लॉ स्कूलमधल्या तुलनात्मक कायद्याच्या प्राध्यापक. हुकूमशाही जाऊन लोकशाही आली, की जुन्या अत्याचारांचं करायचं काय? या प्रश्नाच्या अभ्यासाला ‘संक्रमणकालीन न्याय’ म्हणतात. हा शब्दप्रयोग रूढ करण्याचं श्रेय बरेचदा त्यांना दिलं जातं. त्याच नावाचं त्यांचं पुस्तक २००० साली आलं.

प्रश्न किती अवघड आहे ते हंगेरीत दिसतं. १९५६ चा उठाव चिरडताना माणसं मारली गेली, पण कम्युनिस्ट राजवट संपेपर्यंत खटले भरायची कायदेशीर मुदत उलटून गेली होती. नव्या संसदेने १९९१ मध्ये कायदा करून ती मुदत पुन्हा खुली केली. घटनात्मक न्यायालयाने १९९२ मध्ये तो कायदा रद्द केला: कायद्याचं राज्य आणायचं तर ते कायदा मोडून आणता येणार नाही. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना हे ऐकताना काय वाटलं असेल! तरीही न्यायालय चुकलं असं मला म्हणवत नाही.

टायटेल यांचं म्हणणं असं, की अशा काळात कायदा एकाच वेळी मागे आणि पुढे बघतो. म्हणून फक्त खटले पुरत नाहीत. दक्षिण आफ्रिकेसारखा सत्यशोधन आयोग, नुकसानभरपाई, नवी राज्यघटना, हे सगळंही न्यायातच येतं.

पुढे त्या जागतिक कायद्याकडे वळल्या. २०११ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की आंतरराष्ट्रीय कायद्याचं लक्ष राष्ट्रांच्या सीमांवरून माणसांच्या सुरक्षिततेकडे सरकतंय. सुरुवात मात्र २००० च्या पुस्तकापासून करा.