उन्हाळाभर थेंब नाही, पावसाळ्यात मात्र भिंत ओली

प्रश्न : काका, नमस्कार. एप्रिलमध्ये बेडरूमला दीड टनाचा स्प्लिट एसी बसवला. नागपूरचा मे महिना त्याच्या जिवावर काढला, पाण्याचा थेंब नाही. जुलै लागला आणि इनडोअरच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. खालच्या रंगाला पोपडे आलेत. मेकॅनिक म्हणाला गॅस कमी आहे. अडीच हजार घेऊन गॅस भरला, जाताना बाल्कनीतली भरलेली बादलीही रिकामी करून दिली. दोन रात्री ठीक गेल्या, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो मशीनच खराब आहे. थंडावा मात्र पहिल्यासारखाच आहे. काय करू?
ता. क. : बादलीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलं तर चालेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. बादली! गॅसने दोन रात्री पाणी थांबलं नाही, बादली रिकामी झाली म्हणून थांबलं. आत्ता बाल्कनीत जाऊन बघा, पाइपाचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडलेलं असणार. ड्रेनच्या, म्हणजे एसीतून बाहेर जाणाऱ्या पाण्यामागे पंप नसतो, ते आपल्या वजनाने उतरतं. खाली तोंड बुडलं की पाइपातली हवा कोंडते, वरचं पाणी अडतं, मशीनमधला पाणी गोळा करणारा ट्रे भरतो आणि जिथून वाट मिळेल तिथून सांडतो. पाइप आजच चार बोटं कापा किंवा वर उचलून बांधा. तोंड पाण्यापासून कायम वर राहिलं पाहिजे.

पण एवढ्यावर थांबू नका. पाणी डाव्या कोपऱ्यातून येतंय, म्हणजे ड्रेन बहुधा उजवीकडे आहे आणि मशीन डावीकडे झुकलंय. इनडोअरवर पाणसळ ठेवा. गवंड्याकडची मिळाली तर उत्तम, मोबाइलमधली अगदीच नाही त्यापेक्षा बरी. बऱ्याच मशीनच्या ट्रेला दोन्ही टोकांना ड्रेनची तोंडं असतात. एकाला पाइप, दुसऱ्याला रबरी बूच. ते बूच नीट दाबलेलं आहे का, तेही मेकॅनिकला बघायला लावा.

मे महिन्यात का गळलं नाही, हे कळलं की मेकॅनिकची थाप पकडता येते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात हवेत ओलावाच नसतो, कॉइलवर (मशीनमधल्या थंड नळ्यांवर) जेमतेम दव धरतं. पावसाळी हवेत तोच दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. तुमचं फिटिंग एप्रिलपासूनच चुकलेलं होतं, त्याची परीक्षा जुलैत झाली. मुंबईच्या दमट हवेत आम्हा एसी बसवणाऱ्यांची चूक त्याच संध्याकाळी उघडी पडायची. ग्राहकाचा फोन आम्ही घरी पोचायच्या आधी यायचा.

गॅसबद्दल. गॅस कमी असला की कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळून पाणी सांडतं, हे खरं. पण मग थंडावाही कमी होतो. तुमचा तर पहिल्यासारखा आहे. पुढचं झाकण उघडून, जाळी काढून टॉर्च मारा. बर्फ नसेल तर गॅसचं नाव काढू देऊ नका. (बर्फ दिसला तरी आधी जाळी धुवा, धुळीने तुंबली तरी बर्फ धरतो.) आणि गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळीत फिरत असतो. कमी झाला तर कुठेतरी लीकेज आहे. चार महिन्यांच्या मशीनचं लीकेज न शोधता ज्याने गॅस भरला, त्याने बहुतेक अडीच हजार फुकट घेतले. लीकेज कुठे होतं, एवढंच विचारा.

मी शिकाऊ असताना दादरला एका दवाखान्यात ड्रेन पाइप कॉपर पाइपांच्या वर घेऊन टेप गुंडाळला होता. गुंडाळी दिसायला सुबक. पण ड्रेन सगळ्यात खाली हवा, नाहीतर वाटेत कुठेतरी त्याला पोट येतं आणि त्यात पाणी साचतं. उस्ताद बोलले काहीच नाहीत. कंपाउंडरकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, मला मशीनखाली उभं केलं आणि पाणी ट्रेमध्ये ओतलं. बाहेर चार थेंब पडले, बाकीचं माझ्या कॉलरमध्ये. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं मी पाणी ओतून दाखवल्याशिवाय बिल केलं नाही.

तुम्हीही तसंच करवून घ्या. मशीन बंद करून मेकॅनिकलाच झाकण काढायला सांगा, तांब्याभर पाणी बेताबेताने ट्रेमध्ये ओतायला लावा (वायरींवर नको) आणि तुम्ही बाल्कनीत थांबा. धार लगेच, न अडखळता आली पाहिजे. अडखळली तर भिंतीच्या भोकापासून सुरुवात करा. भोक आतून वर, बाहेरून किंचित खाली हवं. हॅमर ड्रिल सरळ धरून पाडलेलं किंवा उलटं झुकलेलं भोक मी शेकड्याने पाहिलंय. बाहेर मीटरमागे निदान एक सेंटिमीटर ढाळ हवा, मध्ये कुठेही चढ नको. तो नळीदार लवचीक पाइप लांब असेल तर बाहेरच्या भागाला पाऊण इंची पीव्हीसी लावून दर मीटरला क्लॅम्प मारा. दोनशे-तीनशेचा माल आहे. पाइपाच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधा, एकदा मी पाइप फुंकला तेव्हा पाल बाहेर आली होती. फक्त जाळी मधूनमधून धुवायची, नाहीतर तीच तुंबते.

आणि कोणी सोयीसाठी पाइप थेट बाथरूमच्या सांडपाण्याच्या लाइनला जोडतो म्हणाला तर मध्ये पाण्याचा ट्रॅप (पाणी साचून राहणारं, वास अडवणारं वळण) घातल्याशिवाय जोडू देऊ नका. गटाराचा वास एसीतून बेडरूममध्ये येईल.

भिंतीला रंग आत्ता देऊ नका, दिवाळीपर्यंत वाळू दे.

बॅटरीचं म्हणाल तर नको. पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश उतरलेला असतो. बॅटरीत विकतचं डिस्टिल्ड वॉटरच घाला. बादलीने फरशी पुसा, कुंड्यांना घाला.