अमृत कोकम रोज घ्यावं का?

प्रश्न: सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे. कोकम गुणकारी म्हणून त्या रोज दोन पेले अमृत कोकम घेतात. चालेल का?

उत्तर: ताई, कोकम चांगलंच, पण अमृत कोकम म्हणजे सालं साखरेत मुरवून काढलेला पाक. मधुमेहात ते रोज नको. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, साखर नसते, पण मीठ भरपूर, म्हणून रक्तदाबाला तेही जपूनच.

आमच्याकडे मे महिन्यात आई रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, फोडायची. बिया-गर बाजूला, सालं उन्हात, मग पुन्हा मिठाच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात. तिची बोटं आठवडाभर लालजांभळी असत. तो रंगच अँथोसायनिन, म्हणजे अँटिऑक्सिडंट. सालीत गार्सिनॉल नावाचं द्रव्यही असतं. त्यावरचा बराच अभ्यास प्रयोगशाळेतला आहे, त्याच्या भरवशावर गोळ्या मुळीच बंद करू नका.

बिनमिठाची सोलं, म्हणजे वाळवलेली कोकमाची सालं, मिळवा. चार-पाच सोलं पेलाभर पाण्यात रात्री भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. साखर नको. आंबट फार लागलं तर पाणी वाढवा. पित्ताने छातीत जळजळ होत असेल, तर मात्र रिकाम्या पोटी देऊ नका.