तुमचे प्रश्न, काकांची उत्तरं : ‘स्टँड अँड डिलिव्हर’ खरंच असं घडलं होतं का?

प्रश्न : नमस्कार काका, मी महापालिकेच्या शाळेत आठवीला गणित शिकवते. आमच्या मुख्याध्यापक सरांनी शिक्षक दिनाला सगळ्या स्टाफला ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा जुना इंग्लिश सिनेमा दाखवला आणि संपल्यावर म्हणाले, बघा, एकटा माणूस वाया गेलेल्या पोरांना कॅल्क्युलसपर्यंत नेतो, आणि तुमच्या वर्गाला अजून अपूर्णांक येत नाहीत. सिनेमा बघताना मी रडले पण, मग स्टाफरूममध्ये गेल्यावर नुसती चिडचिड झाली. हे खरं आहे की मसाला? – एक बाई, मुंबई

उत्तर : बाई, खरं आहे, पण तुमच्या सरांनी अर्धंच बघितलंय. सिनेमातले सर, हायमे एस्कलांते, हा माणूस खरा, बोलिव्हियात शिक्षक होता, अमेरिकेत आल्यावर हॉटेलात फरशा पुसल्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत काम केलं, पुन्हा शिकून पदवी घेतली आणि 1974 ला पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये लागला. वस्ती गरीब, बहुतेक घरं मेक्सिकन, आणि शाळेची तर मान्यताच जायची वेळ आलेली. 1982 चं प्रकरणही खरंच. एपी कॅल्क्युलस, म्हणजे शाळेतच देता येणारी कॉलेजच्या लेव्हलची परीक्षा, त्याला 18 पोरं बसली आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने 14 जणांवर कॉपीचा संशय घेतला. त्यातल्या 12 जणांनी ऑगस्टमध्ये परत पेपर दिला आणि बाराच्या बारा पास. इथे डोळ्यात पाणी येणारच, माझ्याही आलं.

आता मसाला कुठे आहे ते सांगतो. सिनेमात पोरं साध्या गणितावरून दोनेक वर्षांत कॅल्क्युलसला पोचतात. खरं तर एस्कलांते सर शाळेत लागल्यापासून त्या 1982 च्या पेपरापर्यंत आठ वर्षं गेली, आणि पहिल्या कॅल्क्युलसच्या बॅचमधून परीक्षेपर्यंत पाच जण टिकले, त्यातले दोन पास झाले! त्या आठ वर्षांत खालच्या वर्गांचं बीजगणित पक्कं करून घेणं चालू होतं, पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळच्या कॉलेजात क्लास सुरू झाले, बेन हिमेनेझ नावाचे दुसरे सर जोडीला आले, आणि मुख्य म्हणजे हेन्री ग्राडिलास नावाचे मुख्याध्यापक पाठीशी उभे राहिले. तुमच्या सरांना ग्राडिलासबद्दल आवर्जून सांगा, कारण 1987 ला ते पीएचडीसाठी गेले, नवीन मुख्याध्यापकांशी एस्कलांते सरांचं जमलं नाही, एकेका वर्गात पन्नासच्या वर पोरं बसवली म्हणून युनियनशी वाजलं (करारात मर्यादा 35 ची होती) आणि 1991 ला एस्कलांते सरांनी शाळाच सोडली. नंतर काही वर्षांत कॅल्क्युलस पास होणाऱ्यांचा आकडा धाडकन खाली आला. माणूस कितीही हुशार असला तरी वरचं छत काढून घेतलं की असं होतं. सिनेमा 1988 चा, त्यामुळे यातलं काहीच त्यात नाही.

तुमच्याकडे आठवीला येणारं पोर पाचवीतला भागाकार सोडून आलेलं असतं, त्यात निवडणुकीची ड्यूटी आली की तास बुडतात. म्हणून पुढच्या मीटिंगला सरांकडे दोनच गोष्टी मागा, पाचवी ते सातवीच्या गणिताच्या बाईंबरोबर आठवड्यातून एक तास एकत्र बसायला आणि सकाळी शाळा भरायच्या आधी एक वर्गखोली उघडी. दिल्या तर सिनेमा दाखवल्याचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचं.

प्रश्न : मी बीएड करतोय. सिनेमातले सर पोरांना टोमणे मारतात, टिंगल करतात, आणि पोरं तरी त्यांच्यावर जीव टाकतात. आपल्याकडे हे चालेल का? – सोलापूर

उत्तर : नको रे बाबा. आरटीई कायद्याच्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे. आणि नीट बघ, तो टोमणे मारायच्या आधी काय काय करतो. एप्रन घालून सुरा घेऊन वर्गात येतो, सफरचंदं कापून अपूर्णांक शिकवतो, शून्य तुमच्या माया पूर्वजांना माहीत होतं म्हणून सांगतो, गँगमधल्या पोराला पुस्तकं हातात घेऊन फिरायची लाज वाटते म्हणून त्याला जास्तीचे संच देतो. हे सगळं जमलं की मग टिंगल करायची का ते ठरव, आधी नाही.

प्रश्न : काका, त्या हिरोचे केस खरंच तसे विरळ आहेत का? घरात पैज लागलीय. – नाशिक

उत्तर : नाहीत. एडवर्ड जेम्स ऑल्मोसने या रोलसाठी केस विरळ करून घेतले आणि वजनही भरपूर वाढवलं. ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, बाहुली मात्र त्या वर्षी ‘रेन मॅन’साठी डस्टिन हॉफमन घेऊन गेला. पैजेत माझा वाटा पाठवा.